दुखण्याची आणेवारी

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात, वरच्या हॉलमध्ये
पाच दिवसांचं प्रशिक्षण.
पंखे चार, फिरणारा एक,
त्याच्याखालची खुर्ची आम्ही पाळीपाळीनं घेतली.

पहिल्याच दिवशी नगमा तडवी मॅडमनी फळ्यावर लिहिलं:
आता काही करता येणार नाही.
हे कुणी कुणी म्हटलंय नातेवाइकांना?
बावीस हात वर गेले,
तेविसावा खडू धरलेला.
ते वाक्य त्यांनी पुसलं नाही.
त्याच्याखाली बसून आम्ही रोज
कळण्याची भाकर खाल्ली, ठेचा वाटून घेतला.

मॉर्फिनची गोळी तळहातांवरून फिरली हॉलभर.
एवढीशी. मेथीच्या दाण्याहून थोडी मोठी.
दर चार तासांनी, घड्याळ बघून, दुखायची वाट न बघता.
आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध; विसरलात तर
पेशंट तुम्हाला आठवणीनं शिव्या घालील,
मॅडम म्हणाल्या, आणि सगळे हसलो.
भिंतीपलीकडे कुणाला तरी कळा येत होत्या.

तिसऱ्या दिवशी नुसतं गप्प बसायचं.
खुमसिंग पावरा पेशंट झाला, मी सिस्टर.
तो म्हणाला, माझं काय होणार?
मॅडमच्या हातात घड्याळ.
अकराव्या सेकंदाला मी बोलले:
काळजी नका करू, बरे व्हाल.
खुमसिंग उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.
त्याच्या आईला कुणी तरी असंच सांगितलं होतं,
हे चहाच्या वेळी कळलं.

एकोणीस वर्षं शिरा शोधतेय मी,
अंधारात, खड्ड्यांतून धावत्या गाडीत, तान्ह्या बाळाच्या कपाळावर.
अकरा सेकंदांपुढची शीर
मला सापडत नव्हती.

शेवटी सर्टिफिकेट, फोटो,
आणि एक पट्टी: शून्य ते दहा, हसरा चेहरा ते रडका.

सुपडू आबा बाजार समितीत मापाडी होते,
चाळीस वर्षं कापसाच्या गाड्या.
आता जबडा अर्धा, गालाला भोक, फडक्याखाली वास.
वासावर गोळी कुटून टाकायची, तेही शिकलेलं.
टाकली.
तिसऱ्या दिवशी सुनेनं नाकावरचा पदर खाली घेतला.

पट्टी पुढे केली. दहापैकी किती, आबा?
त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली,
खोटं वजन पाहावं तशी.
"बारा आना," म्हणाले. "रातले चौदा."

फॉर्मात चौकोन एका आकड्याचा.
बाराला सोळानं भागलं, दहानं गुणलं:
साडेसात. चौकोनात अर्धा मावेना.
मी समासात लिहिलं, बारा आणे.

आठवड्यानं दहा. मग सहा.
चार आण्यांच्या दिवशी ते खाटेवर उठून बसले,
दुधात कुस्करलेलं केळं खाल्लं,
हरभऱ्याचा भाव विचारला.
अंगणात मुलानं मला अडवलं:
त्यांना काही सांगू नका.
विचारतील तेव्हा बघू, मी म्हटलं.

तो दुधाला गेल्यावर त्यांनी विचारलं.
"सिस्टर, सोळा आना कव्हय व्हई?"

तोंडात बरंच काही आलं.
गिळलं.
शेळी खाटेचं सुंभ चघळत होती,
तिला कुणी हाकललं नाही.
अकरा कधी गेले कळलं नाही.
त्यांनी हात माझ्या तळहातावर ठेवला,
तो जरा खाली-वर झाला,
तराजूचा काटा होतो तसा,
मग थांबला.

"तुले बी माहीत नही ना."
"नाही, आबा."
"मंग बस. चा पी."

सून चूल पेटवायला उठली.
त्या दिवसाचा आकडा
लिहायचा राहिला.